आखणी

माझे बाबा श्रावणात पेणच्या एका कारखान्यात गणपतीची आखणी करायचे. आखणी म्हणजे डोळे. माती, साचा, अंगाचा रंग, पितांबर हे सगळं इतरांच्या हातचं. पण शेवटी बारीक कुंचल्याने भुवई, पापणी आणि बुबुळ काढणारा हात ठरलेला असे. त्या वेळी बाबा बोलत नसत. रेघ पूर्ण होईपर्यंत श्वाससुद्धा धरून ठेवत. उरलेलं वर्षभर ते पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, फाट्यावरच्या भिंती, ट्रकची फळकुटं, आणि रंगाच्या दुकानांवरचा गट्टू.

गट्टू म्हणजे हातात रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला खट्याळ पोरगा. एशियन पेंट्ससाठी १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तो काढला आणि त्याचं नाव लोकांकडूनच स्पर्धा घेऊन मागवलं. रंग डब्यात बंद असतो. झाकण उघडल्यावर तो दिसतो खरा, पण टिकला की नाही हे कळायला दोन पावसाळे जावे लागतात. जे पारखता येत नाही ते विकत घ्यायचं तर विश्वास लागतो. नावावर विश्वास ठेवायला वाचता यावं लागतं, चेहऱ्याला तीही अट नाही. आमच्याकडची गिऱ्हाइकं काउंटरवर बोट टेकून म्हणत, ‘तो पोराचा डबा द्या.’ कंपनीचं नाव त्यांच्या तोंडात नसायचंच.

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर मुंबईत जाहिरातीचं काम करणारा माझा भाचा म्हणाला, ‘मावशी, तुझा बाप्पा आणि आमचा मॅस्कॉट, काम एकच. न दिसणाऱ्याला चेहरा द्यायचा.’ तो वाईट बोलला नव्हता, खरंच विचारत होता. म्हणून मला ते सोडून देता येईना.

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात स्वतः भगवंतच सांगतात की अव्यक्ताची वाट देहधाऱ्याला जास्त कष्टाची आहे. आपल्याला डोळे लागतात, उंची लागते, कमरेवरचे हात लागतात. पंढरीला गेलेला माणूस तत्त्वाला भेटत नाही, विटेवर उभ्या असलेल्याला भेटतो. ही माणसाची गरज आहे, आणि बाजाराने ती नेमकी ओळखली. त्याच गरजेवर गट्टू मोठा झाला आणि १९६६ पासून ठिपक्यांच्या फ्रॉकमधली अमूलची मुलगीही. देव आणि मॅस्कॉट दोघं एकाच दारातून आत येतात, हे मी नाकारणार नाही.

पण आत आल्यावर काय होतं? बाबांनी आखलेले डोळे पूर्ण असत, तरी आमच्या घरी चतुर्थीला गुरुजी दूर्वेने त्या डोळ्यांना तूप लावीत, मंत्र म्हणत, तेव्हा कुठे तो देव होई. तोवर ती मूर्तीच. पाहण्याची शक्ती कुंचल्यातून येत नाही, बोलावणाऱ्याकडून येते. आणि उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जराशी हलवली की तो देव निघाला. मग पाण्यात सोडायची ती पुन्हा माती. दरवर्षी रूप हातात घ्यायचं आणि दरवर्षी सोडायचं. रूपाला घट्ट धरून बसू नकोस, हे ज्या उपासनेत मुलालासुद्धा भिजल्या पायांनी शिकायला मिळतं, ती उपासना आणि बोधचिन्ह मला एक वाटत नाहीत. बोधचिन्हाला सोडण्याचा विधीच नाही. ते आपल्याला धरून ठेवण्यासाठीच जन्मलेलं असतं.

आजीची कात्री आठवते. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. पुढे तशाच लक्ष्म्या दुकानांच्या कॅलेंडरांवर आल्या, खाली मालाचं नाव घेऊन. वर्ष संपलं की आजी तारखा आणि दुकानाचं नाव सरळ रेषेत कापून टाकी, देवीला काचेत बसवी. तिने कधी त्याचं कारण सांगितलं नाही. पण देवीपाशी मागणारी ती होती, आणि खालच्या नावाला तिच्याकडून काही हवं होतं. ही सीमा तिच्या कात्रीला बरोबर सापडत असे.

मी भाच्याला हे सगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही.

नवं शतक लागलं आणि कंपनीने गट्टूला बाजूला केलं. बाबांचं वय झालं होतं, तरी बाजारपेठेतल्या दुकानदाराने गट्टूची जुनी भिंत पांढरी करायला त्यांनाच बोलावलं. मी डबा घेऊन गेले होते. बाबांनी अक्षरं पुसली, डबा पुसला, पाय, हात. चेहऱ्याशी आल्यावर ते शिडीवरून खाली उतरले. हातातला ब्रश हाताखालच्या मुलाकडे दिला, म्हणाले, ‘तू कर बाबा.’ आणि आम्ही दोघं समोरच्या हॉटेलात जाऊन भिंतीकडे पाठ करून बसलो. त्यांनी चहा मागवला. बराच वेळ तो प्यायले नाहीत. मग विचारलं, ‘ह्याला कुणी पुढल्या वर्षी ये म्हणणार नाही ना गं?’

मी नाही म्हणाले.