मिकीचा मित्र

आमच्या फ्रिजवर एक फोटो लावलेला आहे. त्यात माणसं चार आहेत, दिसतात तीन. मी, माझी लेक आणि नात. चौथं माणूस मिकी माउसच्या आत आहे.

सकाळी दूध काढायला गेले की नजर तिथे जातेच. 2023च्या जुलैतला फोटो. कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला डिस्नेलँड आहे, तिथला. भर दुपार. नात मिकीच्या पोटाला बिलगली आहे. मिकी हसतो आहे. तो हसणारच. त्याला दुसरा चेहराच दिलेला नाही.

मीही त्याच्याशी हात मिळवला होता. पांढरा, चार बोटांचा हातमोजा. आतल्या हाताची ऊब मोज्यातून कळली. एवढंच. मागे रांग होती. थोड्या वेळाने सोबतच्या मुलीने हसत सांगितलं, मिकीला आता जायचं आहे. कुठे, असं नातीने विचारलं. तिने काहीतरी गोड उत्तर दिलं. पाणी प्यायला जात असेल, असं माझ्या मनात आलं. मग आम्ही पुढच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो आणि मी ते विसरून गेले.

तिथे काम करणाऱ्यांनी 'मी मिकी होतो' असं म्हणायचं नसतं, हे मला नंतर कळलं. कुणी विचारलंच तर सांगायचं, 'मी मिकीचा मित्र आहे.' आधी हसू आलं. मग ते वाक्य मनात घोळत राहिलं. मिकी एक, मित्र पुष्कळ. मिकीला वय नाही, मित्राला गुडघे आहेत. मिकी बोलत नाही. मित्राला बोलता येतं, पण आत आहे तोवर बोलायचं नाही.

1955 सालापासून चालू असलेल्या या उद्यानात कामगाराला कामगार म्हणत नाहीत. 'कास्ट मेंबर' म्हणतात, म्हणजे नटसंचातला एक. झाडू मारणारा नट, पाळण्याचा दांडा ओढणारा नट. गिऱ्हाईक म्हणजे पाहुणा. पाहुण्यांसमोर असतो तो रंगमंच आणि डबा उघडून बसतो ते रंगमंचामागे. कल्पना मोठी सुंदर आहे. नाटकवेड्या घरात वाढलेली मी, मला तर ती फारच आवडली. पण पडदा पडल्यावर नटाला घरी जावं लागतं, आणि घरभाडं खोटं नसतं.

2018 साली तिथल्या कामगार संघटनांनी एक पाहणी करवून घेतली होती. सुमारे 5000 जणांनी उत्तरं दिली. त्यांतल्या 11 टक्क्यांनी सांगितलं, मागच्या दोन वर्षांत कधी ना कधी आपल्याला राहायला घर नव्हतं. कंपनीला ती पाहणी मान्य नव्हती. आकड्यांचं भांडण आकडेवाल्यांनी करावं. मला आपलं दिसत राहतं ते एवढंच, की दिवसभर राजवाड्याच्या सावलीत उभं राहून रात्री कुणी गाडीच्या मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपलं असेल.

पण माझ्या मनात सगळ्यात जास्त रुतलं ते वेगळंच. त्याच कंपनीच्या फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये 2001 सालापर्यंत, या पोशाखांच्या आत घालायचे कपडे सामाईक होते. आतले, अंगालगतचे कपडे. धुऊन येत, पण आज ज्याने घातले त्यालाच उद्या मिळतील असं नव्हतं. नीट धुतलेले नसतात, त्वचेचे रोग होतात, अशा तक्रारी होत्या. शेवटी संघटनेने मागणी लावून धरली. प्रत्येकाचे कपडे वेगळे हवेत, घरी नेऊन स्वतः धुता यायला हवेत. ती मान्य झाली.

मी हे वाचलं तेव्हा दोरीवर कपडे वाळत घालायचे राहिले होते. हा माझा, हा ह्यांचा. आपण किती सहज वेगळे करतो.

आमच्या फोटोनंतरच्या वर्षी, मे 2024 मध्ये, ॲनाहाइमच्या या मित्रमंडळींनी मतदान केलं. मिरवणुकीत नाचणारे आणि पात्रं वठवणारे मिळून सुमारे 1700 जणांना मताचा हक्क होता. उद्यानातल्या बहुतेकांना आधीपासून संघटना होती, यांना नव्हती. संघटना हवी म्हणणारे 953 निघाले, नको म्हणणारे 258. गप्प राहणं हाच ज्यांच्या कामाचा भाग, त्यांनी मोजून मत सांगितलं. त्याच उन्हाळ्यात सफाईवाले, दुकानांतले, पाळणे चालवणारे अशा दुसऱ्या 14000 जणांचा करार झाला, तासाला किमान 24 डॉलरचा. हा आकडा रुपयांत करून पाहायची आपल्याला खोड आहे. पण भाकरी जिथे कमवावी तिथेच विकत घ्यावी लागते.

आत नेमकं कोण होतं, हे आता कळायचं नाही. मुलगा की मुलगी, तेही. त्या मतदानाच्या वेळी ते माणूस तिथे होतं का, कोण जाणे. नातीला हे काही सांगितलेलं नाही. तिचा मिकी तिच्याजवळ राहू दे.

पोशाखाआडच्या माणसांशी माझी ओळख मात्र जुनी. माझं आजोळ कोकणात, कुडाळजवळ. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार उभा राहायचा. त्यातला संकासुर राक्षस आला की आम्ही मुलं आजीच्या पदरात. काळा झगा, काळ्या कापडात बुजलेलं तोंड, बाहेर लोंबणारी लाल जीभ. दशावतारी मंडळींबद्दल म्हणच आहे, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. खेळ संपला की कपड्यांचा पेटारा उचलायचा आणि पुढचं गाव धरायचं. बिदागी किती मिळायची, हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं. फार नसणार.

एका सकाळी मागल्या दारी एक किडकिडीत माणूस येऊन उभा राहिला. डोळे लाल, आवाज पार गेलेला. आजी बाहेर आली.

"घसो बसलो मा रे तुझो? बस, च्या घे."

तो पायरीवर बसला. बशीत फुंकर घालत चहा प्यायला. आम्ही दाराआडून बघत होतो. हाच तो, हे खरं वाटेना. चहा संपवून त्याने बशी खाली ठेवली, आमच्याकडे बघून जीभ बाहेर काढली, आणि आजीकडे आणखी अर्धा कप मागितला.