उसना कंठ आणि आपला कंठ

वाचकहो, मागे एका एकादशीला आमच्या गावच्या देवळात घडलेली गोष्ट आधी सांगतो. भजनाची वेळ झाली, पण मृदंगवाले बुवा आले नव्हते. टाळकरी तर आम्ही चारच. शेवटी एका तरुणाने मोबाइल ध्वनिक्षेपकाला जोडला आणि एका थोर गायकाचा अभंग लावला. सूर निर्दोष, ठेका निर्दोष. आम्ही टाळ मांडीवर ठेवून ऐकत बसलो. अभंग संपला तशी कोपऱ्यातली एक म्हातारी माउली म्हणाली, "बाबांनो, गाणं झालं झ्याक, पण भजनाला कधी सुरुवात करताय?"

कोणी काही बोलले नाही. मला मात्र मुंबईत पाहिलेले एक संगीत नाटक आठवले. 'मुगल-ए-आझम' हा के. आसिफ यांचा बोलपट १९६० साली मुंबईच्या मराठा मंदिरात प्रथम लागला. आम्ही तो पुढे जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून पाहिला. त्याच बोलपटाचे २०१६ साली फिरोझ अब्बास खान यांनी रंगभूमीवर संगीत नाटक केले. नातवाने हट्ट धरला म्हणून मी गेलो. वाटत होते, एवढी मोठी कलाकृती एकदा झाली. तिला पुन्हा हात कशाला लावावा? ही बापाच्या पुण्याईवर मुलाने मांडलेली दुकानदारी तर नव्हे?

आता मूळ बोलपटाचा विचार करू. पडद्यावर अनारकली दिसते ती मधुबालेच्या रूपाने, आणि गाते ती लता मंगेशकरांच्या कंठाने. चाली नौशादांच्या, शब्द शकील बदायुनींचे. रूप एकीचे, गळा दुसरीचा, आणि दोन्ही त्या त्या ठिकाणी अजोड. यात फसवणूक मुळीच नाही. प्रेक्षकाला सारे ठाऊक असते. चूक झाली तर प्रसंग पुन्हा टिपता येतो, उत्तम तेवढे ठेवता येते. म्हणून ती अनारकली कधी चुकत नाही, कधी थकत नाही. आज पाहा, उद्या पाहा, ती तीच.

रंगभूमीवर ही सोय नाही. तेथे अनारकलीचे काम करणारीनेच बोलायचे, नाचायचे आणि स्वतःच गायचे. मराठी गायिका प्रियांका बर्वे यांनीही ही भूमिका केली आहे. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कानात लताबाईंचा सूर आधीच बसलेला, आणि समोर उभे राहून तेच पद म्हणायचे! शिवाय पडदा एक अश्रू हातभर मोठा करून दाखवतो. नाटकात शेवटच्या रांगेला तो दिसतही नाही. जे डोळ्यांनी सांगायचे ते आवाजाने आणि सर्वांगाने सांगावे लागते. पडद्यावरच्या शीशमहालात आरशा-आरशांतून अनारकली दिसते. येथे एकच देह, आणि त्याला धाप लागते.

त्या रात्री मला कळले, की त्या धापेतच काही आहे. सूर लताबाईंचा नव्हता, तसा व्हावा असा अट्टहासही मला दिसला नाही. बादशहासमोर निर्भयपणे गाणारी दासी आम्हांसमोरही निर्भयपणेच गात होती, कारण चुकण्याचे भय तिलाही खरेच होते. पडद्यावर धैर्याचे चित्र पाहिले होते. येथे चार पावलांवर धैर्य उभे होते.

कोणी म्हणेल, "बुवा, म्हणजे बोलपट खोटा आणि नाटक खरे?" तसे नव्हे. अहो, तो बोलपट तरी कोठून आला? इम्तियाझ अली ताज यांच्या 'अनारकली' या १९२२ सालच्या नाटकाचा आधार त्याला आहे. आणि ती कथासुद्धा इतिहासापेक्षा दंतकथाच अधिक. दंतकथेचे नाटक झाले, नाटकाचा बोलपट झाला, बोलपटाचे पुन्हा नाटक झाले. जोंधळा पेरला की दाणा मातीत जातो, ताट उभे राहते, आणि कणसात पुन्हा दाणाच भरतो. कणगीत जपलेला दाणाही मोलाचाच. पण सगळेच कणगीत ठेवले तर पुढल्या साली खायचे काय?

तेव्हा प्रश्न राहतो तो वारसदाराच्या धर्माचा. थोरांचे काम पुढे नेणाऱ्याला दोन खड्डे असतात. एक नकलेचा: वडिलांची पगडी घातली की वडील झालो असे वाटते. दुसरा अहंकाराचा: मी त्यांच्यावर ताण करीन. या दोहोंमधून वाट आहे ती ओझे उचलण्याची. ठेव त्यांची, पण खांदा माझा. पद त्यांचे, पण श्वास माझा. माझा श्वास तोकडा आहे हे ठाऊक असूनही तो द्यायचा. तिकिटे महाग होती, त्या खेळात व्यापारही होता, हे मी नाकारीत नाही. पण गाणारीने जो श्वास खर्च केला तो तिकिटाने विकत मिळणारा नव्हे.

आपल्याला तर हे अधिकच लागू आहे. थोर गायकांचे ध्वनिमुद्रण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला केवढा आधार देते! ते जरूर ऐकावे. परंतु आपण हातपाय धड असताना टाळ मांडीवर ठेवून बसलो, तर आपल्या वाटची सेवा दुसऱ्याच्या कंठावर ढकलली असे होते. बोलणे आणि चालणे एक असावे म्हणतो, तसे गाणे आणि गाणाराही एक असावा.

असो. त्या एकादशीला म्हातारीचे बोलणे ऐकून त्या तरुणानेच मोबाइल बंद केला आणि टाळ उचलला. माझा आवाज फाटका, त्याचा ठेका धावरा. पहिला अभंग कसाबसा झाला. दुसऱ्याला म्हातारीने सूर धरला, आणि बाहेर ओट्यावर बसलेले तिघे आत आले.