टेपुईच्या माथ्यावरचं झुडूप

जे झाड आपण कधी पाहणार नाही, ज्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का? बोनेतिया या झुडपाविषयी वाचताना मला हा प्रश्न पडला.

दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः व्हेनेझुएलात, माथा सपाट कापल्यासारखे वालुकाश्माचे डोंगर आहेत. तिथले पेमोन लोक त्यांना टेपुई म्हणतात. सह्याद्रीचा कडा डोळ्यांसमोर आणा, फक्त तो चहूबाजूंनी आणि वर सतत धुकं. त्यांतला रोराईमा २,८१० मीटर उंच. १८८४ साली इम थर्न आणि पर्किन्स हे दोघे त्यावर चढले. पुढे १९१२ मध्ये कॉनन डॉयलने आपल्या कादंबरीत अशाच एका पठारावर डायनोसॉर सोडले! खऱ्या माथ्यावर आहे ते बोनेतिया. निकस जमीन, चामड्यासारखी जाड पानं, गुलाबी फुलं.

ही झुडपं अनादि काळापासून जगापासून तुटलेली आहेत, असं आपल्याला वाटतं. पण परागकणांचा अभ्यास करणारे काही संशोधक म्हणतात की हिमयुगाच्या थंडीत टेपुईवरच्या वनस्पती खाली उतरल्या आणि ऊब वाढली तशा पुन्हा वर गेल्या. म्हणजे आपल्यासारख्याच स्थलांतरित! आता हवा आणखी तापते आहे आणि माथ्याच्या वर डोंगर नाही.

आमच्या आयटीच्या धंद्यात यावर सोपं उत्तर आहे : बॅकअप घ्या. बिया शीतपेटीत, रोपं बागेत. कल्पना वाईट नाही. आपणही हिवाळ्यात तुळशीची कुंडी खिडकीत आणून ठेवतोच की. पण आपल्या तुळशीमागे गावाकडचं अंगण आहे. मागे काहीच उरलं नाही, तर कुंडीतल्या बोनेतियाला 'वाचवलं' म्हणायचं का? त्या धुक्याचा, त्या खडकाचा बॅकअप कोण घेणार?

बरेच टेपुई कनाइमा राष्ट्रीय उद्यानात येतात. ते १९६२ पासून संरक्षित आहे, १९९४ पासून जागतिक वारसाही. पण गरम हवेला कुंपण घालता येत नाही.

आपल्याला देश बदलता आला. ज्याला हलता येत नाही, त्याच्या वाट्याला आपला धूर जातो. म्हणून माझ्या मते देणं आहेच, उपयोग असो वा नसो. ते फेडायला व्हेनेझुएलाला जायला नको. मंडळाच्या कार्यक्रमाला एकाच गल्लीतून चार गाड्या येतात, प्रत्येकीत दोन माणसं. सुरुवात तिथूनही करता येईल.