गाळात उरलेले



घाण नदीत सोडली आणि ती वाहून गेली, तर सोडणाऱ्याची जबाबदारीही वाहून जाते का? हा प्रश्न घेऊन रशियातल्या तेचा नदीच्या काठी चला.

उरल पर्वताजवळच्या मायाक कारखान्यात सोव्हिएत अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार होत असे. 1949 ते 1956 या काळात तिथले किरणोत्सारी सांडपाणी तेचात सोडले गेले, त्यातले बहुतेक 1950-51 मध्येच. काठावर तातार, बश्कीर आणि रशियन शेतकऱ्यांची गावे होती. माणसे नदीचेच पाणी पीत, गुरे काठावरच चरत. पुढे नदीवर बंदी आली, बरीच गावे उठवली गेली. खरे कारण मात्र कित्येक दशके कोणी सांगितले नाही. मुस्ल्युमोवो हे गाव तर तिथेच राहू दिले.

मोजणी सुरू झाली 1951 च्या उन्हाळ्यात. त्याआधी कोणाच्या पोटात किती गेले, हे आज गणिती प्रतिमानातूनच काढावे लागते. नदीचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात किती आले, किती विरघळलेले राहिले, किती गाळात बसले, पुराने किती पुन्हा उचलले, याचा हिशेब मांडायचा. सीझियम-137 चिकणमातीच्या बारीक कणांना धरून तळाशी बसते. स्ट्रॉन्शियम-90 बरेचसे पाण्याबरोबर पुढे जाते, आणि कॅल्शियमसारखे असल्याने हाडांत मुक्काम करते. दोन्हींचे अर्धायुष्य साधारण 30 वर्षे, म्हणजे 90 वर्षांनंतरही आठवा भाग शिल्लक. वरचे पाणी तोवर कधीच नितळ झालेले असते.

अशा वेळी कुणीतरी म्हणतेच, ‘ज्याचे त्याचे कर्म!’ बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला, तो अशा बोलण्यामुळेच. तेचाकाठच्या बाईच्या हाडातले स्ट्रॉन्शियम तिच्या मागच्या जन्मातून आले नाही, कारखान्याच्या सांडपाण्यातून आले. कारण आहे म्हणून परिणाम आहे. प्रतिमान हीच साखळी आकड्यांत मांडते. म्हणून मला ते प्रतीत्यसमुत्पादाच्या जवळचे वाटते.

पाण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. 1927 मध्ये महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तर पाण्यात काही बिघडलेले नसताना ते ‘शुद्ध’ करण्यात आले. तेचात खरे विष होते, तर तिथे तोंडे बंद. दोन्हीकडे पाण्याविषयी ठरवणारे वेगळे आणि पिणारे वेगळे.

प्रतिमानालाही मर्यादा आहेच. ते बहुधा गावाची सरासरी सांगते. कोणत्या घरी विहिरीचे पाणी होते, कोण नदीवरून घागर आणत होते, हे त्या माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही. आपल्यापैकी काहीजण अशाच हिशेबांच्या नोकरीत आहेत. अहवालात ‘प्रमाण मर्यादेत आहे’ असे लिहिताना, ती मर्यादा कोणाला विचारून ठरली हे तुम्ही कधी शोधले आहे का?