नव्या पॅडची किंकाळी

मैंदर्गी,
रविवार, सकाळ

चि. ताईस,



परवा तू निघालीस तेव्हा मी ओट्यावर उभा होतो. कोपऱ्यावरच्या वळणाला तू ब्रेक लावलास आणि पुढच्या डाव्या चाकाची किंकाळी मला घरापर्यंत ऐकू आली. ब्रेकचे पॅड बदलून पंधरा दिवस झाले, तेव्हापासून हा आवाज आहे आणि गॅरेजवाल्याने ‘नवीन आहेत, जाईल आपोआप’ म्हणून वाटेला लावलं, असं तू सांगितलं होतंस. घरात पाहुणे, तुझी निघायची घाई, त्यात चाक खोलून बघायचं राहून गेलं. ते मनाला लागलंय, म्हणून हे पत्र.

आधी भीती काढून टाक. पेडल घट्ट लागतंय, गाडी सरळ रेषेत थांबतेय, एका बाजूला ओढत नाही, मग नुसत्या चिरकण्याने ब्रेक निकामी होत नाही. तू रोज फळ्यावर लिहितेस, तुला हे लगेच कळेल. खडू उभा धरला की किंचाळतो, थोडा तिरपा केला की गप्प होतो. खडू तोच, फळाही तोच. उभा खडू धरतो-सुटतो, धरतो-सुटतो, सेकंदाला हजारो वेळा थरथरतो, आणि तो थरार म्हणजेच आवाज. पॅड आणि डिस्कमध्ये हेच चालतं. म्हणून चांगल्या पॅडच्या कडा तिरप्या छाटलेल्या असतात आणि पाठीला शिम नावाची पातळ पट्टी असते. ती थरार पिऊन टाकते.

हे दुखणं डिस्क ब्रेकइतकंच जुनं आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याचे पॅड तांब्याचे होते आणि धातूवर धातू घासून ते असे ओरडत, की लोक हैराण होत. १९०७च्या सुमारास हर्बर्ट फ्रूडने त्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर लावलं आणि आवाज बसला. या फ्रूडने सुरुवात घोडागाड्यांच्या ब्रेकपासून केली होती, म्हणून मला तो आपल्यातला वाटतो. पुढे अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक ठरली. चाक खोललं की आतल्या काळ्या भुकटीवर तोंडाने फुंकर मारणारे फिटर अजून दिसतात. तुझ्यासमोर कोणी तसं केलं तर त्याला थांबव आणि तूही दूर उभी राहा. भुकटी ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसायची असते.

आता जे सांगतो ते नीट ऐक. आवाज बंद करायला कोणी डिस्कवर तेलाचा थेंब टाकतो म्हणाला, वंगणाचा स्प्रे मारतो म्हणाला, तर गाडीला हात लावू देऊ नकोस. आपल्याकडे बैलगाडी करकरली की कण्याला वंगण घालायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. हात आपोआप तेलाच्या डब्याकडे जातो. मी बावीस वर्षांचा असताना माझाही गेला. एका जीपचा पुढचा ब्रेक ओरडत होता, मालक उभा राहून घाई करत होता, आणि मी ड्रम काढून लायनरच्या कडेला बोट फिरवलं, तेलाचं. आवाज तिथल्या तिथे गेला, मालक खूश. दुसऱ्या दिवशी अक्कलकोटच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली. तीन चाकं धरली, चौथं धरलं नाही. जीप फिरून बाभळीवर गेली आणि ड्रायव्हरचा पाय मोडला. तो माणूस पुढे वर्षभर लंगडत माझ्या दुकानावरून जायचा आणि मला कधी एक शब्द बोलला नाही. पॅड एकदा तेल प्यायला की धुऊन निघत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

वंगण लागतं, पण त्याची जागा वेगळी. कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा सांगाडा, ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिना, पॅडचे दोन कान जिथे बसतात त्या खाचा, आणि पॅडची पाठ जिथे पिस्टनला टेकते तो भाग. तिथेही बेअरिंगचं साधं ग्रीस चालत नाही. ते उष्णतेने वितळून पॅडवर ओघळतं आणि पिनांवरचं रबर फुगवतं. ब्रेकसाठीचं, उष्णता सोसणारं सिलिकॉनचं ग्रीस वेगळं मिळतं, तेच लाव म्हणून सांग. माझ्या अनुभवात नव्या पॅडच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. नवा पॅड जुन्या, गंजलेल्या खाचेत ठोकून बसवलेला असतो, शिम जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात गेलेली असते, क्लिपा वाकलेल्या असतात. फिटरला बोलताना संकोच करू नकोस. ‘पिना काढून साफ केल्यात का? शिम कुठे आहे, दाखवा,’ एवढं विचारलं की तो सावध होतो.

डिस्कवर बोटाचं नख फिरवून बघ. अर्थात गाडी पूर्ण गार असताना. नख खाचांमध्ये अडकलं किंवा कडेला काठ उभा राहिलेला लागला, तर लेथवर डिस्क साफ करून घ्यावी लागेल. किती जाडीपर्यंत चालते तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. त्याच्या खाली गेली असेल तर पैशाचा विचार न करता बदल.

हे सगळं ठीक असेल, तर पॅड अजून डिस्कला जमलेलाच नाही. पुण्याहून सोलापूरपर्यंतचे अडीचशे किलोमीटर तू हायवेने आलीस, तिथे ब्रेक लागतो कुठे? आणि शहरात सिग्नलला तापलेला ब्रेक दाबून धरलास की पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. म्हणून एखाद्या पहाटे मोकळ्या रस्त्यावर जा, मागे कोणी नाही बघ. पन्नासचा वेग घे, मध्यम जोराने ब्रेक लावून दहापर्यंत उतरव, पण गाडी थांबवू नकोस. अर्धा-एक किलोमीटर जाऊ दे, पुन्हा तसंच. असं आठ-दहा वेळा. मग पाच-सात किलोमीटर ब्रेकला फारसा पाय न लावता चालव, म्हणजे डिस्क गार होईल. घरी आल्या आल्या हँडब्रेक ओढू नकोस, गिअरमध्ये ठेव.

पहाटेचं दव पडून डिस्कवर तांबूस गंज येतो. त्यामुळे पहिले दोन-तीन ब्रेक ओरडले तर दुर्लक्ष कर. मात्र खर्र खर्र असा खरवडण्याचा आवाज, जळकट वास, किंवा चारांपैकी एकच चाक जास्त तापलेलं (रिमला हात लावू नकोस, जवळ नेलास तरी कळेल) यातलं काहीही दिसलं तर गाडी तिथेच उभी कर. आणि पॅड पुन्हा काढून बसवले, तर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पाच-सहा वेळा दाब. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिला ब्रेक रिकामा जातो. हे फिटर विसरला तरी तू विसरू नकोस.

इथे माझी निम्मी गिऱ्हाइकं कानडीत सांगायची, ‘सप्पळ’, म्हणजे आवाज, येतो म्हणून. मी आधी विचारायचो, कधी येतो? ब्रेक लावल्यावर की न लावता? पुढे जाताना की मागे घेताना? तूही चार दिवस हे लिहून ठेव.

संक्रांतीला येशील तेव्हा चाक मी स्वतः खोलेन. जुने पॅड अजून डिकीत पडले असतील तर टाकू नकोस, चारही घेऊन ये. आतला जास्त झिजलाय की बाहेरचा, ते बघितलं की कुठली पिन अडकलीय ते मला कळेल. मामी तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवतेय.

तुझा,
मामा