गिअरवरचा नंबर

खारबावला आमच्या अंगणात बाबांची स्टँडर्ड हेराल्ड उभी असायची. मूळ गाडी इंग्लंडची, १९५९ची ट्रायम्फ हेराल्ड. डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं. १९६१पासून ती मद्रासला बनू लागली. म्हणजे 'ओरिजिनल' हा शब्द या गाडीच्या बाबतीत जन्मापासूनच गोंधळलेला.

तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पूर्ण थांबायच्या आत पहिला टाकला की दातावर दात आपटतात. बाबांनी आयुष्यभर सांभाळलं. ते गेल्यावर मी महिन्याभरात तीन दात उडवले.

कुर्ल्याची भंगाराची दुकानं पालथी घातली. गिअर मिळाला नाही. शेवटी भिवंडीत लूमचे पार्ट बनवणाऱ्या एका लेथवाल्या काकांकडे तुटका गिअर नेला. त्यांनी दात मोजले, मापं घेतली, नवे दात पाडून घेतले आणि हार्डनिंगला पाठवले. वरचा थर कडक, आतला गाभा चिवट. नाहीतर दात पुन्हा तुटणार. गिअर हातात देताना म्हणाले, "भाऊ, जुन्यावरचा नंबर यावर पण पंच करू का? कुणाला कळणार नाय."

मी गप्प. कारण गाडी विकायची होती. बहिणीची फी भरायची होती आणि गिऱ्हाईक फोनवर एकच विचारत होतं, "सगळं ओरिजिनल आहे ना?"

प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट लिहिली आहे. सडलेली फळी काढून नवी बसवत गेले. मग जहाज तेच राहिलं का? हॉब्सने १६५५ मध्ये पुढे विचारलं, काढलेल्या फळ्या जोडून दुसरं जहाज केलं तर खरं कोणतं?

मला गणपती आठवला. घरी दरवर्षी नवी मूर्ती येते, तिला कुणी डुप्लिकेट म्हणत नाही. कारण ती गेल्या वर्षीचीच आहे, असं कुणी सांगत नाही.

खोटेपणा बदलण्यात नाही, बदल लपवण्यात आहे. कुणी म्हणेल, माप तेच, गाडी तशीच पळते, मग नुकसान कुणाचं? गिऱ्हाईक फसतं, हे तर आहेच. पुढे कधी गिअरबॉक्स उघडणारा मेकॅनिकही फसतो. आणि ज्या माणसाने ड्रॉइंग नसताना तुटक्या दातांवरून नवा गिअर घडवला, त्याचं काम त्याच्याच हातून पुसलं जातं.

"नको काका," म्हणालो.

गिऱ्हाइकाला सगळं सांगितलं, तुटका गिअरही फडक्यात बांधून दिला. त्याने २० हजार कमी केले. तेवढे उसने घेऊन फी भरली. हप्ते अजून चालू आहेत. त्या २० हजारांची हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू?