नापास कोंबडा

हर्टफर्डशरमधल्या एका खेड्यात एक म्हातारा सुतार राहत असे. लाकूडकाम सुटलं, मुलं शहरात गेली, आणि त्याचा सगळा जीव सेब्राइट कोंबड्यांत गुंतला. बँटम म्हणजे बुटक्या कोंबड्यांची ही जात त्याच मुलखातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बीचवुडच्या सर जॉन सेब्राइट यांनी ती पैदाशीतून घडवली. नर जेमतेम सहाशे ग्रॅमचा. पिसं सोनेरी किंवा रुपेरी, आणि प्रत्येक पिसाला सगळीकडून काळी बारीक किनार, जणू कुणी बसून टाकानं काढली आहे. या जातीत नराचा पिसाराही मादीसारखाच असतो. इतर बहुतेक जातींच्या नरांच्या शेपटीत विळ्यासारखी वळलेली लांब पिसं असतात, ती इथे दिसली की प्रदर्शनात पक्षी बाद.

इतका हलका आणि इतका देखणा पक्षी माणसानं स्वतःच्या डोळ्यांच्या हौसेसाठी घडवला, तर त्याला राखण्याचं ओझंही माणसानंच वाहायला हवं. सुतार ते मनापासून वाही. बाजारात मिळणारी षट्कोनी घरांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कोल्ह्याचे दात तिला तोडतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं अर्ध्या इंचाच्या घरांची जाड वेल्डेड जाळी लावली, म्हणजे उंदीर आणि चिंचोळ्या अंगाचा वीझलही आत शिरू नये. कोल्हा भिंतीच्या पायाशीच उकरतो, म्हणून जाळी खाली वळवून बाहेरच्या बाजूला हातभर पसरली आणि वर माती ओढली. वरून ससाणा झेपावू नये म्हणून छत. दाराला दोन कड्या. रोज दिवेलागणीला तो डोकी मोजायचा, कड्या लावायचा आणि परत एकदा हलवून बघायचा.

आणखी एक कुंपण त्यानं घातलं होतं. आपल्या वाणाचं अंडं तो कुणालाही देत नसे. लांबून एक तरुण आला होता, सहा अंड्यांसाठी दोनदा विनवून गेला. सुतारानं त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. उद्या याच रक्ताचा पक्षी दुसऱ्याच्या पिंजऱ्यात बसून आपल्या पक्ष्याला हरवेल, ही धास्ती त्याला होती. उरलेली अंडी तो न्याहारीला उकडून खाई.

एका वर्षी एका तरण्या कोंबड्याला शेपटीत ती बाकदार पिसं फुटली. सुतारानं मान पिरगाळायची ठरवली. शेजारची बाई कुंपणापलीकडून बघत होती. ती शाळेत स्वयंपाक करून निवृत्त झालेली.

"मला द्या तो," ती म्हणाली.

"हा नापास आहे, बाई. याला कुठलाच परीक्षक उभा करणार नाही."

"माझ्याकडे कुठला परीक्षक येतोय?"

त्यानं तो दिला, आणि किनार पुसट असलेल्या दोन कोंबड्याही दिल्या. तिच्या शेडचं दार मात्र त्याला बघवेना. ओरखड्यांनी सैल झालेली फळी काढून त्यानं नवी ठोकली, उरलेली जाळी मारून दिली, अंगणावरही छत ताणलं. सुताराचा हात वाईट दार तसंच सोडून जाऊ शकत नाही.

पुढच्या दोन वर्षांत त्याच्याकडे एक वेगळीच अडचण उभी राहिली. उजेडासमोर धरलेली अंडी स्वच्छ दिसत, आत जीवच धरलेला नसे. मादीसारखा पिसारा देणाऱ्या गुणाबरोबर नराचं पौरुषही कमी पडतं, हे या जातीचं जुनं दुखणं आहे. त्याचा सगळ्यांत निर्दोष नर, बक्षिसांच्या रिबिनी आणणारा, जवळजवळ वांझोटा होता. पिल्लं कमी होत गेली, आणि सुतार कड्या अधिकच घट्ट लावत गेला.

मग मे महिन्यातली एक सकाळ आली. ऊन पडलं होतं. कोवळं गवत मिळावं म्हणून त्यानं कोंबड्या बागेत सोडल्या. कोल्हा रात्रीचा, दिवसा काय येतो, असं तो मानून होता. पण वसंतात कोल्हिणीच्या बिळात पिल्लं असतात, आणि भुकेल्या तोंडांसाठी ती भर उजेडातही हिंडते. ती एक कोंबडी घेऊन थांबत नाही. पळता न येणारी शिकार समोर फडफडली की ती एकामागून एक मारत जाते, मागाहून नेऊन पुरायला. सुतार चहा पिऊन बाहेर आला तेव्हा बागेत एकही पक्षी जिवंत नव्हता. तो निर्दोष नर तर सापडलाच नाही.

आठवडाभर त्यानं खुराड्याचं दार उघडं टाकलं. लावायला आत काही नव्हतं.

शेजारीण टोपलीत आठ अंडी घेऊन आली.

"कुणाची?"

"तुमचीच. त्या नापासाची आणि त्या दोघींची. माझ्याकडे एकही अंडं रिकामं जात नाही."

सुतार खुर्चीत बसून राहिला. नंतर तिच्याकडच्याच एका खुडूक झालेल्या कोंबडीखाली त्यानं अंडी ठेवली. एकविसाव्या दिवसापर्यंत सात फुटली. वाढताना काही नरांच्या शेपटीत ती बाकदार पिसं आली, काहींचा पिसारा मादीसारखा झाला. किनार दोन पिल्लांना पुसट होती, एकाची मात्र त्याच्या जुन्या नराइतकी स्वच्छ. बाकदार पिसांचे नर त्यानं या वेळी पैदाशीसाठी वेगळे राखले. प्रदर्शनात ते बसणार नव्हते. पण तेच नसते तर प्रदर्शनात बसवायला पुढच्या वर्षी काहीच उरलं नसतं.

तो तरुण पुन्हा आला. आता त्याला बोलावणंच धाडलं होतं. सुतारानं अंडी कागदात गुंडाळायच्या आधी त्याच्या खुराड्याचे फोटो मागितले, आणि एका फोटोवर बोट ठेवलं.

"ही जाळी बदला. खाली बाहेरच्या बाजूला पसरवा. आणि मे महिन्यात दिवसाही बाहेर सोडू नका, सोडलंत तर स्वतः उभे राहा."

"किती द्यायचे?" तरुणानं पाकीट काढलं.

"पैसे ठेवा. पुढच्या वर्षी तुमच्याकडे अंडी झाली की त्यातली सहा दुसऱ्या कुणाला तरी द्या. त्याची जाळी बघून."